आरोपी : दुसरा मॉनिटर

टेबलावर दुसरा मॉनिटर हवा असं कुणी म्हटलं की ठरलेली उत्तरं येतात. ‘शेअर बाजारात बसणार आहेस का?’ ‘एकावर काम आणि दुसऱ्यावर क्रिकेट, दुसरं काय!’ ‘विजेचं बिल कोण भरणार?’ सरकारी कचेरीत ही उत्तरं हेडक्लार्क देतो, छोट्या पेढीत मालक देतो आणि घरून काम करणाऱ्याला घरचेच देतात. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यांत एका भारदस्त मुद्द्याची भर पडली आहे, तो म्हणजे एकाग्रता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तंत्रज्ञानावर स्तंभ लिहिणारे फरहाद मंजू यांनी २०१४ साली एका लेखात दोन पडदे एकापेक्षा चांगले नाहीत, असा निर्वाळा दिला. दुसरा पडदा म्हणजे व्यत्ययाला आमंत्रण आणि लक्ष एका जागी ठेवायचं तर पडदाही एकच हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. कमीत कमी वस्तूंत राहण्याचा पुरस्कार करणाऱ्या मंडळींना हे म्हणणं आयतंच सोयीचं पडलं.

स्वतः स्तंभ लिहिणाऱ्याच्या बाबतीत ते खरंही असेल. लेखकापुढे कोरं पान असतं आणि त्यावर उतरायचा मजकूर त्याच्या डोक्यात असतो. त्याला एक पडदा पुरतो. पण संगणकापुढे दिवस काढणाऱ्या असंख्य माणसांच्या वाट्याला कोरं पान येतच नाही. एका कागदावरचं दुसऱ्यावर उतरवणं, दोन कागद ताडून पाहणं, एक वाचत दुसरा भरणं हेच त्यांचं काम. पडदे किती असावेत हे माणसाच्या संयमावरून ठरवायची काही गरज नाही. त्याच्या कामात एका वेळी किती कागद उघडे लागतात ते मोजावं आणि ठरवावं. विरोधकांच्या सगळ्या युक्तिवादांत हा साधा हिशोबच कुठे सापडत नाही.

जीएसटीचं उदाहरण घेऊ. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी हे विवरण तयार होतं. पुरवठादारांनी आपापल्या विवरणांत दाखवलेल्या बिलांची ही यादी. कर सल्लागाराच्या कार्यालयात ही यादी आणि पक्षकाराच्या टॅलीतलं खरेदी रजिस्टर यांची बिलागणिक जुळणी होते आणि दरमहा विवरण भरणाऱ्यांचं जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत जायला लागतं. मध्ये जेमतेम सहा दिवस. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार पुरवठादाराने बिल दाखवलेलं नसेल तर त्यावरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही. जुळणीत चूक झाली की पैसे पक्षकाराच्या खिशातून जातात.

एका पडद्यावर ही जुळणी कशी चालते ते जवळ उभं राहून पाहावं. ऑपरेटर एक्सेलमध्ये उघडलेल्या २बीच्या यादीतली एक ओळ वाचतो. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. सुरुवातीला महाराष्ट्राचे २७ किंवा गोव्याचे ३०, मग पॅनची दहा अक्षरं, मग आणखी तीन. बिल क्रमांक १६ अक्षरांपर्यंत लांबू शकतो आणि त्यात शाखेची आद्याक्षरं, तिरक्या रेघा, आर्थिक वर्ष असं सगळं कोंबलेलं असतं. पुढे तारीख, करपात्र रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी. एवढं डोक्यात धरायचं, ऑल्ट-टॅब दाबायचं, टॅलीची विंडो पुढे आली की तिथली ओळ शोधायची. ती सापडेपर्यंत मघाचा क्रमांक ‘००४७/२४-२५’ होता की ‘०४७/२४-२५’ होता हे आठवेनासं होतं, म्हणून पुन्हा मागे. एका बिलापायी तीन-चार फेऱ्या होतात. महिन्याची तीनशे बिलं धरली तर हजारेक फेऱ्या झाल्या, आणि हा झाला एकच पक्षकार.

यावर ‘जुळणी आता सॉफ्टवेअरच करतं’ असं उत्तर येतं. करतं, जी बिलं तंतोतंत जुळतात त्यांची करतं. उरतात ती न जुळणारी. कुठे एक शून्य जास्त, कुठे तारीख पुढच्या महिन्यातली, कुठे शंभराच्या रकमेत पैशांचा फरक. सॉफ्टवेअर त्यांची यादी हातात ठेवतं आणि पुढचं काम माणसाच्या डोळ्यांवर सोपवतं. म्हणजे सॉफ्टवेअरने सोपी बिलं उचलली आणि दोन कागद शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय ज्यांचा निकाल लागत नाही नेमकी तीच माणसापुढे ठेवली.

माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीला मर्यादा आहेत. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली त्या मर्यादेसाठी सातच्या आसपासचा आकडा सांगितला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ साली तो चारच्या आसपास आणला. एका वेळी चार-पाच सुटे घटक, एवढीच ही ओंजळ. पंधरा अक्षरी क्रमांक, सोळा अक्षरी बिल आणि तीन रकमा तीत मावत नाहीत. जवळ उभं राहून पाहिलेल्या त्या ऑपरेटरची चूक होते ती याच ठिकाणी. त्याला ‘लक्ष दे’ म्हणून दटावलं तरी ओंजळ मोठी होत नाही. दोन्ही कागद एकाच वेळी दिसत असले तर डोक्यात काही धरून ठेवावंच लागत नाही, नजर इकडून तिकडे फिरली की काम झालं.

ही गरज संगणकाने निर्माण केलेली नाही. पेढीवरचा मुनीम रोजकीर्द आणि खतावणी एकाच वेळी उघडून बसायचा. त्याला कुणी एकाग्रतेसाठी एक वही मिटायला सांगितलं नाही. रुग्णालयात क्ष-किरण तज्ज्ञ जुनी आणि नवी फिल्म शेजारीशेजारी लावून उजेडात पाहत असत. फिल्म गेल्या, पण पद्धत तीच राहिली. आज त्यांच्या टेबलावर प्रतिमा पाहण्यासाठी सहसा दोन उच्च दर्जाचे मॉनिटर असतात आणि रुग्णांची यादी व अहवाल यांसाठी आणखी एक. फुप्फुसातला डाग वाढला की कमी झाला हे ऑल्ट-टॅब दाबून ठरवावं, असं त्या खोलीत जाऊन कुणी म्हणणार नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, त्या कामाला १९१९ साली सुरुवात झाली आणि ते १९६६ साली पुरं झालं. बाराशेहून अधिक हस्तलिखितं त्यासाठी पाहिली गेली. श्लोकागणिक निरनिराळ्या पोथ्यांतले पाठ एकाखाली एक मांडून ताडले गेले. एवढ्या मोठ्या विद्वत्कार्याचा पाया पाठ एकत्र नजरेसमोर ठेवण्याच्या पद्धतीवर उभा होता, आणि तिथे कुणाचं लक्ष विचलित झाल्याचं ऐकिवात नाही.

मोडी कागदपत्रांचं लिप्यंतर करणाऱ्यांचीही तीच कथा. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. शब्द तोडलेले नसतात आणि अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात. स्कॅन केलेलं पान मोठं करून वाचताना बोट ठेवावं तशी नजर एका जागी ठेवावी लागते. देवनागरीत दोन शब्द टंकायला म्हणून ते पान डोळ्यांसमोरून हटलं की ओळ हरवते आणि पुन्हा रेघेच्या सुरुवातीपासून शोध सुरू होतो. एका पडद्यावर मोडीचं पान, दुसऱ्यावर टंकनाची फाइल, एवढी सोय झाली की हा शोध थांबतो. भाषांतरकार, मुद्रितशोधक, निकालपत्रकं भरणारे शिक्षक आणि हस्तलिखित अर्जांवरून माहिती भरणारे कर्मचारी याच वर्गात येतात.

आता एकाग्रतेच्या आरोपाकडे वळू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या प्राध्यापक ग्लोरिया मार्क यांनी वर्षानुवर्षं लोकांच्या कामाची प्रत्यक्ष नोंद ठेवली आहे. २००४ साली माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. अलीकडच्या वर्षांत ही सरासरी ४७ सेकंदांवर आली. परिस्थिती चिंताजनक आहे यात वाद नाही. पण याच अभ्यासांतला दुसरा निष्कर्ष विरोधक सांगत नाहीत. जवळपास निम्मे व्यत्यय बाहेरून येत नाहीत, माणूस ते स्वतःहून ओढवून घेतो. ज्याला स्कोअर पाहायचा आहे तो एका पडद्यावर दुसरा टॅब उघडून पाहतो आणि मॉनिटर काढून घेतला तर खिशातून मोबाइल काढतो. मॉनिटरची संख्या घटवून ही सवय जाणार असती तर जगातले सगळ्यांत एकाग्र लोक मोबाइलधारकच ठरले असते, त्यांच्यापुढे नेहमी एकच विंडो असते.

शिवाय एकाच पडद्यावर विंडो बदलणं हाही व्यत्ययच आहे. टॅलीकडून एक्सेलकडे जाताना ऑल्ट-टॅबच्या पट्टीत व्हॉट्सअ‍ॅप दिसतं, ई-मेल दिसतो, बातम्यांचं पान दिसतं. हजार फेऱ्या मारणारा हजार वेळा त्या मोहाच्या दारावरून जातो.

मात्र आरोपात एक अंश खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. दुसऱ्या पडद्यावर मेल किंवा चॅट कायम उघडं ठेवलं तर मंजू यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरतं. या बाबतीत बिल गेट्स यांची मांडणी फार प्रसिद्ध झाली. २००६ साली ‘फॉर्च्यून’मध्ये त्यांनी आपल्या टेबलाचं वर्णन केलं होतं. तीन पडदे जोडून एकच डेस्कटॉप, डाव्या पडद्यावर ई-मेलची यादी, मधल्यावर वाचायचा किंवा लिहायचा मेल, उजवीकडे ब्राउझर. ते वाचून अनेकांनी डावीकडे मेलची यादी लावली. गेट्स यांचं तेव्हाचं मुख्य काम मेल वाचणं आणि मेलला उत्तर देणं हेच होतं, म्हणजे त्यांनी कामाचे कागद समोर मांडले होते. लेखापालाने किंवा भाषांतरकाराने तीच मांडणी उचलली तर तो दुसऱ्याच्या कामाचे कागद आपल्या टेबलावर पसरून बसतो. दुसऱ्या पडद्यावर चालू कामाचा आधार हवा आणि मेल बंद हवा. विंडोजमध्ये सूचना गप्प करण्याची सोय आहे, ती वापरायला हरकत नाही.

पुढचा आक्षेप अधिक दमदार आहे. दोन लहान मॉनिटरांपेक्षा एक मोठा घ्यावा, मध्ये फ्रेमची काळी पट्टीही येणार नाही, असं जाणकार सांगतात. २४ इंची रुंद मॉनिटरचा पडदा साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा. म्हणजे मूळ आकाराची दोन पानं रुंदीत बसतात, पण खालचा टास्कबार आणि वरच्या पट्ट्या वजा केल्या की उंचीला अपुरी पडतात. २७ इंची, २५६० बाय १४४० पिक्सेलच्या पडद्यावर दोन कागद खरोखर नीट मांडता येतात. ज्याला असा मॉनिटर परवडतो आणि ज्याच्या कामात दोनच कागद आहेत, त्याने तो जरूर घ्यावा. व्हिडिओ संकलन करणाऱ्याला लांबच लांब टाइमलाइन अखंड दिसणं गरजेचं असतं, त्याच्यासाठीही रुंद पडदाच योग्य.

पण मोठा पडदा आणि दोन पडदे ही एकच गोष्ट आहे हे गृहीतक तपासून पाहिलं गेलं आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले जोनाथन ग्रुडिन यांनी अनेक मॉनिटर वापरणाऱ्यांच्या टेबलांशी जाऊन निरीक्षणं केली आणि २००१ साली ती प्रसिद्ध केली. लोक दुसऱ्या मॉनिटरकडे वाढीव जागा म्हणून पाहत नाहीत, असं त्यांना आढळलं. एकच विंडो दोन्ही पडद्यांवर ताणून ठेवणारा माणूस विरळा. मुख्य काम एका पडद्यावर, आधाराचं सामान दुसऱ्यावर, अशी वाटणी लोक आपोआप करतात आणि मधल्या फ्रेमचा त्यासाठी सीमारेषेसारखा उपयोग करतात. एक ऐसपैस दिवाणखाना आणि दोन स्वतंत्र खोल्या यांत राहणाऱ्यांना जो फरक कळतो, तोच इथे आहे. क्षेत्रफळ सारखं असलं तरी दोन खोल्यांत सामानाची सरमिसळ होत नाही.

याचा रोजचा पुरावा ऑनलाइन बैठकीत मिळतो. ३४ इंची अतिरुंद पडदा पूर्ण शेअर केला की समोरच्याच्या लॅपटॉपवर तो चिंचोळी पट्टी होऊन जातो आणि त्यावरची अक्षरं मुंगीएवढी दिसतात. दोन मॉनिटर असतील तर एक शेअर करता येतो, आणि दुसऱ्यावरची टिपणं व सहभागी माणसांचे चेहरे आपल्यापुरते राहतात. पूर्ण पडदा व्यापणारा प्रोग्रॅम उघडला की मोठ्या पडद्यावर बाकी सगळं झाकलं जातं, दोन मॉनिटरांत फक्त एक व्यापला जातो. आणि दोनांपैकी एक बिघडला तर उरलेल्यावर काम चालू राहतं.

इथे दुसऱ्या मॉनिटरच्या वकिलांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ‘चुका ३३ टक्क्यांनी घटतात’, ‘उत्पादकता वाढते’ असे आकडे जाहिरातींत फिरत असतात. त्यांतला ३३ टक्क्यांचा आकडा २००३ सालच्या युटा विद्यापीठातल्या अभ्यासातून आला. त्या अभ्यासात मॉनिटर बनवणारी एनईसी-मित्सुबिशी आणि ग्राफिक्स कार्ड बनवणारी एटीआय या कंपन्या सामील होत्या. अभ्यास खोटा होता असं नाही, पण माल विकणाऱ्याने मापलेलं वजन कुणी डोळे मिटून मान्य करत नाही. शिवाय तुलना तेव्हाच्या लहान पडद्यांशी होती. दुसऱ्या मॉनिटरची बाजू या टक्क्यांवाचूनही भक्कम उभी राहते, कारण पंधरा अक्षरी क्रमांक आणि चार घटकांची स्मृती यांचं गणित कुणीही आपल्या टेबलावर पडताळून पाहू शकतो.

मानदुखीची तक्रार खरी असते, पण तिचा गुन्हेगार बहुतेक वेळा मांडणी असते. दोन मॉनिटर भिंतीला समांतर, एका सरळ रेषेत लावायचे आणि मधल्या फटीसमोर खुर्ची ठेवायची, असं सर्रास दिसतं. मग दिवसभर मुख्य कामासाठी मान एकीकडे वळलेली राहते. एकावर जास्त काम असेल तर तो बरोबर नाकासमोर हवा, दुसरा त्याला खेटून, आपल्याकडे किंचित वळवलेला. दोन्ही सारखे वापरायचे असतील तरच फट नाकासमोर आणि दोन्ही मॉनिटर आतल्या बाजूला वळलेले, उघड्या पुस्तकासारखे नजरेला वेढणारे. अंतर अर्ध्या मीटरपासून एक मीटरपर्यंत, दोघांचंही सारखं. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा थोडी खाली. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर मॉनिटर आणखी खाली घ्यावा, नाहीतर भिंगाच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी हनुवटी वर करून बसावं लागतं आणि खापर दुसऱ्या मॉनिटरवर फुटतं. उंची जमत नसेल तर ए-फोर कागदाचं एक रीम सुमारे पाच सेंटिमीटर उंची देतं. मॉनिटरच्या पाठीवर ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर चार भोकं असतील तर टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा आर्मही लावता येतो आणि टेबलावरची जागा मोकळी होते.

विजेचा मुद्दा तर जुन्या काळातून आलेला आहे. काचेच्या नळीचे ढब्बू मॉनिटर शंभर वॉटच्या घरात वीज खात आणि टेबलाची निम्मी खोली अडवत. दोन नळीवाले मॉनिटर एका टेबलावर मावणंच कठीण होतं. आजचा २४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० वॉट घेतो. रोज आठ तास आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले तर महिन्याला चार युनिट होतात. युनिटला दहा रुपये लावले तरी चाळीस रुपये. टेबलावरचा चहा याहून महाग पडतो.

‘फार खटपट आहे’ हा शेवटचा आरोप. तो करणाऱ्यांची माहिती पाव शतक मागे आहे. ॲपलच्या मॅकिंटॉश-टूवर १९८७ सालीच जास्तीची कार्डं बसवून अनेक मॉनिटर चालत. विंडोज ९८ ने १९९८ साली नऊ मॉनिटरांपर्यंतची सोय दिली, पण तेव्हा त्यासाठी सहसा प्रत्येक मॉनिटरला वेगळं कार्ड लागे आणि ड्रायव्हर जमवताना नाकीनऊ येत. १९९९ साली मॅट्रॉक्सने जी-४०० हे एका कार्डावर दोन मॉनिटर चालवणारं कार्ड आणलं. आज कार्डाचीही गरज नसते. २०११ साली आलेल्या इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीत प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स दोन मॉनिटर चालवत होतं आणि २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून तीन. म्हणजे कचेरीतला दहा वर्षांचा संगणकही बहुधा या कामाला लायक आहे.

खरी फसगत तीन ठिकाणी होते, आणि ती टाळण्यासाठी अभियंता लागत नाही. पहिली जागा स्प्लिटर. दुकानात ‘दोन मॉनिटर जोडायचे आहेत’ म्हटलं की अनेकदा काहीशे रुपयांचा एचडीएमआय किंवा व्हीजीए स्प्लिटर हातात पडतो. तो एकच चित्र दोन ठिकाणी दाखवतो. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर किंवा वर्गातल्या प्रोजेक्टरसाठी ते ठीक, पण दोन वेगळे कागद मांडायला निरुपयोगी. त्यासाठी सहसा कॅबिनेटच्या मागे दोन स्वतंत्र पोर्ट हवेत. मग एक एचडीएमआय आणि दुसरं व्हीजीए असलं तरी चालतं.

दुसरी जागा ग्राफिक्स कार्ड. संगणकात वेगळं कार्ड बसवलेलं असेल तर दोन्ही केबली त्या कार्डालाच लावाव्यात. एक कार्डाला आणि एक मदरबोर्डला लावली की दुसरा पडदा बहुधा काळाच राहतो, कारण कार्ड दिसताच बहुतेक बायोस मदरबोर्डवरचे पोर्ट बंद करतात. ते बायोसमध्ये जाऊन चालू करता येतात, पण मॉनिटर खराब आहे म्हणून दुकानात परत नेणारेच जास्त. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाला ‘एफ’ जोडलेला असतो, त्यांत ग्राफिक्स मुळात नसतं, त्यामुळे तिथे मदरबोर्डचे पोर्ट कधीच उपयोगी पडत नाहीत.

तिसरी जागा कनव्हर्टर. डिस्प्लेपोर्टमधून निघून एचडीएमआय मॉनिटरकडे जायचं असेल तर साधा, स्वस्त ॲडाप्टर चालतो. उलट दिशेने तो चालत नाही, तिथे स्वतःची वीज घेणारा सक्रिय कनव्हर्टर लागतो. फोर-के मॉनिटर जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टला लावला तर सेकंदाला तीसच चित्रं मिळतात आणि माउस पाठीमागून ओढल्यासारखा वाटतो. ती मॉनिटरची खोट नाही.

केबली लागल्या की विंडोजमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडायचं. ‘आयडेंटिफाय’ दाबलं की प्रत्येक पडद्यावर त्याचा आकडा उमटतो. सेटिंगमधले चौकोन टेबलावर मॉनिटर जसे आहेत तसे माउसने ओढून ठेवायचे. ही पायरी गाळणारे फार, आणि मग उजवीकडच्या मॉनिटरवर जायला माउस डावीकडे न्यावा लागतो. पुढे ‘एक्स्टेंड’ निवडायचं आणि नाकासमोरच्या मॉनिटरला मुख्य ठरवायचं. दोन मॉनिटर वेगवेगळ्या आकाराचे असतील तर अक्षरांचा आकार प्रत्येकावर वेगळा ठरवता येतो, ही सोय २०१३ च्या विंडोज ८.१ पासून आहे. काही जुने प्रोग्रॅम तिथे धूसर दिसतात, तेवढी अडचण अजून आहे. विंडोज-शिफ्ट आणि बाण दाबला की समोरची विंडो शेजारच्या पडद्यावर जाते. काढून टाकलेल्या मॉनिटरवर हरवलेली विंडो परत आणायलाही हीच कळ कामी येते. मॅक आणि लिनक्समध्ये नावं वेगळी, क्रम जवळपास हाच.

मॉनिटर उभा फिरवता येत असेल तर कागदी कामासाठी त्याहून चांगलं काही नाही. २४ इंची उभा पडदा ३० सेंटिमीटर रुंद आणि ५३ सेंटिमीटर उंच होतो. न्यायालयाचा निकाल, मोडीचं पान, करार किंवा अर्ज, ए-फोरचं सगळं पान मूळ आकाराहून मोठं आणि न सरकवता दिसतं. शेजारच्या आडव्या पडद्यावर लिहायचं.

या सगळ्यातून तिसरा, चौथा, सहावा मॉनिटर मात्र सिद्ध होत नाही. २००९ साली एएमडीने एकाच कार्डावर सहापर्यंत पडदे चालवण्याचं तंत्र आणलं म्हणून सहा पडदे कुणाला लागतातच असं नाही. कामाचा तिसरा कागद दाखवता आला तर तिसरा मॉनिटर मागावा. समाजमाध्यमांवर निळ्या-जांभळ्या दिव्यांत झगमगणारी टेबलं हा हौसेचा विषय आहे, आणि विरोधकांचा निम्मा राग खरं तर त्या टेबलांवर आहे. त्या रागाची शिक्षा लेखापालाला आणि मुद्रितशोधकाला होऊ नये. कथा-कादंबरी लिहिणाऱ्याने, आणि ज्याचा दिवस एकाच विंडोत जातो त्या प्रत्येकाने, एकाच पडद्यावर समाधान मानावं.

राहता राहिले खर्चाचे धनी. बहुतेक कार्यालयांत संगणक बदलताना जुना १९ किंवा २२ इंची मॉनिटर अडगळीच्या खोलीत गेलेला असतो. तो काढून पुसावा, कॅबिनेटमागे रिकामं पोर्ट आहे का पाहावं, एक केबल आणावी आणि ज्याच्यापुढे रोज दोन कागद ताडण्याचं काम आहे अशा एका माणसाच्या टेबलावर पुढच्या १४ तारखेपूर्वी तो लावून द्यावा. २० तारखेला त्याच माणसाला विचारावं, ठेवायचा की काढायचा. निर्णय त्याच्यावर सोडावा.